गोष्टीतून गाळलेला माणूस

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामात युवादिन साजरा झाला. मिस्सा आटोपली, नाश्ता झाला आणि शहरातून खास निमंत्रणावरून आलेले एक प्रेरक वक्ते व्यासपीठावर उभे राहिले. ‘प्रेरक वक्ता’ हा शब्द आम्ही सेमिनरीत होतो त्या काळी फारसा ऐकिवात नव्हता. तेव्हा व्याख्याते असत, प्रवचनकार असत. आपल्याला प्रेरणा झाली की नाही हे श्रोत्याने घरी गेल्यावर ठरवायचे असे. आता ते वक्त्याच्या नावापुढेच आधी छापून येते.

वक्ते सव्वा तास बोलले. बोलण्याची धाटणी उत्तम होती, आवाज कमावलेला होता. पाठीमागच्या पडद्यावर चित्रे सरकत होती. त्यांत नेल्सन मंडेला होते. हिरवी जर्सी घालून ते दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या कर्णधाराच्या हाती सोनेरी चषक देत होते. त्यानंतर एका सावळ्या, काटक तरुणाचे चित्र आले. वक्ते म्हणाले, हा चेस्टर विल्यम्स. संघातला एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू. लहान गावातला मुलगा. त्याने कष्ट केले, कधी तक्रार केली नाही, म्हणून तो जगज्जेत्या संघात पोहोचला आणि त्याच्यामुळे एक दुभंगलेला देश एक झाला. तक्रार करणारे मागे राहतात, कष्ट करणारे पुढे जातात, हे वाक्य त्यांनी मुलांकडून तीनदा म्हणवून घेतले. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या, हे येथेच कबूल करतो.

दुपारी खुर्च्या रचून ठेवताना वारली पाड्यावरचा एक मुलगा आमच्याजवळ आला. तो धर्मग्रामाच्या फुटबॉल संघात खेळतो. त्याने विचारले, “फादर, त्या चेस्टरने खरेच कधी तक्रार केली नाही का?” आम्ही घाईत होतो. “नसेल केली रे,” असे म्हणून आम्ही पुढे गेलो.

ते उत्तर चुकीचे होते. आम्हांस माहीत नव्हते, आणि माहीत नसता आम्ही एका मुलाला उत्तर दिले. नंतर वाचले, शोधले, तेव्हा कळले की चेस्टर विल्यम्सने तक्रार केली होती. स्पष्ट शब्दांत केली होती आणि छापून केली होती. त्या मुलाला आम्ही पुढे ते सांगितले. पण मंडपात त्या दिवशी आणखी तीनशे मुले होती. हा लेख त्यांच्यासाठी, आणि अशा व्याख्यानांना मान डोलावणाऱ्या आपणां सर्व वडीलधाऱ्यांसाठी आहे.

रग्बी हा खेळ आपल्याकडे मुंबईच्या जिमखान्यापलीकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून दोन शब्द. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे, समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे नेऊन तो जमिनीला टेकवायचा. याला ट्राय म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, सहकाऱ्याकडे मागेच द्यावा लागतो. (पुढे जायचे असेल तर मागच्याला द्या, असे एक सुभाषित यातून काढता येते आणि प्रेरक वक्ते ते काढतातही. आम्ही मोह आवरतो.) दक्षिण आफ्रिकेत हा खेळ गोऱ्यांच्या, विशेषतः आफ्रिकान्स बोलणाऱ्या डच वंशाच्या लोकांच्या अभिमानाचा विषय होता. संघाचे चिन्ह असलेले स्प्रिंगबॉक हरीण कृष्णवर्णीयांना वर्णद्वेषी राजवटीच्या निशाणासारखे वाटे. रॉबेन बेटावरील राजकीय कैदी त्या संघाचा सामना असला की त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूने उभे राहत.

चेस्टर विल्यम्सचा जन्म ८ ऑगस्ट १९७० रोजी पार्ल या गावी झाला. द्राक्षमळ्यांचा, केप टाउनपासून तासाभराच्या अंतरावरचा हा परिसर. याच पार्लजवळच्या तुरुंगातून ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला पायी चालत बाहेर आले. चेस्टर त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. १९५० च्या कायद्याने त्या देशातील प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली होती. त्या नोंदवहीत चेस्टरसारख्या मिश्रवंशीयांचा रकाना ‘कलर्ड’ असा होता. त्याच वर्षाच्या दुसऱ्या कायद्याने कुणी कोठे राहायचे हे ठरले. मैदाने वेगळी, शाळा वेगळ्या, रग्बीच्या संघटनासुद्धा वेगळ्या. गोऱ्यांची एक, कलर्डांची दुसरी, आफ्रिकनांची तिसरी, आणि वंशभेद न मानणाऱ्यांची चौथी. ही चौथी संघटना म्हणे की जो समाज माणसासारखा जगू देत नाही त्या समाजात आम्ही खेळाचे नाटक करणार नाही. हिची माणसे राष्ट्रीय संघाच्या दारात जातच नसत.

अशा देशात ‘कष्ट केले म्हणून वर आला’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या वक्त्यांनी केला आहे काय? १९८१ साली एरॉल टोबायस हा पहिला कलर्ड खेळाडू राष्ट्रीय संघातून कसोटी खेळला. १९८४ साली चेस्टरच्याच घराण्यातले एव्हरिल विल्यम्स खेळले. चेस्टर १९९३ साली ब्युनॉस आयर्स येथे अर्जेंटिनाविरुद्ध पहिली कसोटी खेळला. तोवर इतर संघांनी शेकडो कृष्णवर्णीय खेळाडू घडविले होते आणि त्यांच्या वाट्याला राष्ट्रीय जर्सी आली नाही. त्यांनी कष्ट कमी केले होते काय? त्यांतल्या कित्येकांनी तर विवेकाच्या हाकेला ओ देऊन ती जर्सी नाकारली. आपल्या देशाला ही गोष्ट नवी वाटू नये. १९७४ साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. आपण खेळलो नाही. चषक सोडून दिला. तो त्याग करणारे अमृतराज बंधू आजही त्याबद्दल बोलतात. मागे राहिलेल्यांनी तक्रार केली म्हणून ते मागे राहिले, असे त्यांना कोण सांगेल?

आता १९९५ चे विश्वचषक. १९८७ आणि १९९१ च्या स्पर्धांना दक्षिण आफ्रिकेला प्रवेश नव्हता. १९९२ साली वेगवेगळ्या संघटना एकत्र झाल्या, १९९४ साली मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९९५ चे यजमानपद त्या देशाला मिळाले. देशभर जाहिरातींच्या फलकांवर चेस्टरचा चेहरा झळकला. एक संघ, एक देश, असे घोषवाक्य होते, आणि त्याचा पुरावा म्हणून दाखवायला हाताशी एकच चेहरा होता.

येथे गंमत अशी, की स्पर्धा सुरू होण्याच्या वेळेस तोच चेहरा संघात नव्हता. चेस्टरच्या मांडीचा स्नायू दुखावला होता, तो बाहेर होता. फलकावरचा माणूस घरी आणि संघ मैदानावर, अशी स्थिती. पुढे ३ जून रोजी पोर्ट एलिझाबेथ येथे कॅनडाविरुद्धच्या सामन्यात मारामारी झाली. तीन खेळाडूंना मैदानाबाहेर काढण्यात आले आणि दक्षिण आफ्रिकेचा विंगर पीटर हेन्ड्रिक्स याच्यावर बंदी आली. त्याच्या जागी चेस्टर परत आला. म्हणजे ज्या प्रवेशाला आपले वक्ते राष्ट्राच्या ऐक्याचा विजय म्हणतात, तो प्रत्यक्षात एका गुद्दागुद्दीमुळे घडला. दैवाची चाल म्हणा, नाहीतर ईश्वरी विनोद म्हणा. पण ही गोष्ट व्याख्यानात कधी येत नाही, कारण तीत कष्टाचे तात्पर्य बसत नाही.

मैदानावर आल्यावर मात्र त्याने कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. १० जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर उपांत्यपूर्व सामन्यात पश्चिम सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले. वीस गुण एकट्याचे. दक्षिण आफ्रिकेच्या कोणत्याही खेळाडूने एका कसोटीत तोवर इतके ट्राय केले नव्हते. संघ ४२–१४ ने जिंकला. ज्याला काही जण जाहिरातीचा खेळाडू समजत होते, त्याने चार वेळा रेषेपलीकडे चेंडू टेकवून दाखविला. वक्त्यांना खरोखर कष्टाबद्दल बोलायचे असेल तर त्या दिवसाबद्दल बोलावे. दोन आठवड्यांनी, २४ जून रोजी, त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. साठ हजारांवर प्रेक्षक, जवळजवळ सगळे गोरे. मंडेला कर्णधाराच्या सहा क्रमांकाची जर्सी घालून मैदानात आले आणि त्या गोऱ्या गर्दीने त्यांच्या नावाचा गजर केला. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीने मारलेल्या ड्रॉप गोलने न्यूझीलंडचा १५–१२ असा पराभव झाला.

त्या दिवसाला आम्ही नाटक म्हणत नाही. सत्तावीस वर्षे ज्यांनी तुरुंगात डांबले त्यांच्या आवडीची जर्सी अंगात घालायला जे हृदय लागते ते आमच्यापाशी नाही. आमच्या वाचकांपैकी किती जणांपाशी आहे, हे त्यांनी आपल्या भावकीतले जमिनीचे वाद आठवून ठरवावे. पण मंडेलांना स्वतःला काय वाटत होते? एका जर्सीने हिशेब चुकता झाला, असे त्यांना वाटले असते, तर अंतिम सामन्याला महिना होण्याच्या आत, १९ जुलै १९९५ रोजी, त्यांनी सत्य आणि समेट आयोगाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली नसती. नाव पाहा: सत्य आधी, समेट मागाहून. १९९६ च्या एप्रिलपासून आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखाली आयोगापुढे लोक रडत रडत बोलू लागले. त्यानंतर संस्थांची पाळी आली. उद्योगपती, न्यायव्यवस्था, आरोग्यसेवा, वृत्तमाध्यमे, तुरुंग, सर्वांच्या वेगळ्या सुनावण्या झाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये ईस्ट लंडन येथे धर्मसंस्थांनाही बोलावणे आले. आपले कॅथलिक चर्चही तेथे उभे राहिले, आणि आपण जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोललो नाही याची कबुली चर्चेसना द्यावी लागली.

क्रीडासंस्थांची मात्र वेगळी सुनावणी झाली नाही. रग्बीला सत्य सांगण्याची पाळीच आली नाही. तिला समेटाचा चषक आगाऊ मिळाला होता. याचे फळ लवकरच दिसले. रग्बीच्या कारभारातील वंशभेद आणि पैशाचे व्यवहार यांच्या चौकशीसाठी मंडेलांनी आयोग नेमला, तेव्हा रग्बी संघटना न्यायालयात गेली. मार्च १९९८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात राष्ट्राध्यक्ष मंडेलांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणी द्यावी लागली. पुढे १९९९ मध्ये घटनापीठाने निकाल मंडेलांच्या बाजूने दिला, पण ते पुढचे. त्या हिरव्या जर्सीला अजून तीन वर्षेही पुरती झाली नव्हती. आमच्या मंडपातील पडद्यावर जर्सीचे चित्र होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचे नव्हते.

सेमिनरीत आम्हांला पापनिवेदनाचे पाच भाग शिकविले गेले. वाचकांनाही ते पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गापासून पाठ असतील: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निर्धार, कबुली आणि भरपाई. यांतले काही न करता मिळणारी क्षमा आपण मानत नाही. कुणी पापनिवेदनाच्या खुर्चीत येऊन म्हणाला, “फादर, जे झाले ते झाले, आता आपण सगळे एक आहोत, मला आशीर्वाद द्या,” तर आम्ही त्याला पुन्हा गुडघ्यांवर बसवू. मग हेच वाक्य एखादा वक्ता माइकवर म्हणाला की आपण टाळ्या का वाजवितो?

२००२ साली चेस्टर विल्यम्सचे चरित्र प्रसिद्ध झाले, त्याच्याच नावाने. त्यात त्याने ती तक्रार केली, जी त्याने केलीच नाही असे आमच्या मुलांना सांगण्यात आले. सोबत खेळणाऱ्याने त्वचेच्या रंगावरून त्याला शिवी दिली होती. संघात असून संघाबाहेर असल्यासारखे त्याला वाटे. खेळाच्या विकासकार्यातून वर आलेला मुलगा, बदललेल्या देशाचा पुरावा, अशी त्याची जाहिरात विक्रेत्यांनी केली, आणि ती खरी नव्हती. सात वर्षे त्याने हे पोटात ठेवले होते.

आम्ही हे एका ज्येष्ठ शिक्षकमित्रांना सांगितले. ते भले गृहस्थ आहेत, आमच्याहून अधिक वाचतात. ते म्हणाले, “फादर, सात वर्षांनी उकरून काय मिळविले त्याने? जगज्जेतेपद मिळाले, नाव मिळाले, पैसा मिळाला. इतकी सुंदर गोष्ट होती, तिला डाग लावला.” आम्ही त्यांचे हे म्हणणे येथे मुद्दाम नोंदवितो, कारण हे त्यांच्या एकट्याचे म्हणणे नाही. ते आपणां सर्वांच्या मनातले आहे. ज्याच्या पाठीवर ओझे होते त्याने ते खाली ठेवले, की आपल्याला राग येतो, कारण आता ते ओझे आपल्या डोळ्यांसमोर पडलेले असते. आणि कृतज्ञता? ती कुणी कुणाविषयी बाळगायची? ज्या दारातून आत येण्याचा त्याचा जन्मसिद्ध हक्क होता, ते दार उघडल्याबद्दल त्याने आयुष्यभर हात जोडून उभे राहावे काय?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि आम्ही तो टाळत नाही. चेस्टर विल्यम्स स्वतःच पुढे प्रेरक वक्ता झाला. कंपन्यांच्या संमेलनांत बोलण्याचे मानधन घेई. १९९५ च्या कथेवर क्लिंट ईस्टवूडचा चित्रपट २००९ साली आला, तेव्हा नटांना रग्बी शिकविण्याचे काम त्याने केले. चित्रपटात त्याची स्वतःची भूमिका मॅकनील हेन्ड्रिक्स या नटाने केली. मग ज्या गोष्टीला तो अपुरी म्हणाला, तिच्यावरच तो जगला, असे नाही का होत?

होते. पण माणसाला घर चालवावे लागते. खेळाडूची शरीराची कमाई तिशीत संपते. चेस्टर सत्तावीस कसोट्या खेळला, चौदा ट्राय केले, गुडघ्याच्या दुखण्यांनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली आणि २००० साली त्याची शेवटची कसोटी झाली. त्यानंतर त्याने जे काम मनापासून पत्करले ते प्रशिक्षकाचे. राष्ट्रीय सात-खेळाडू संघाला त्याने २००२ च्या मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवून दिले. राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्याचे नाव चर्चेत आले, पण ते पद त्याला मिळाले नाही. तो युगांडाला गेला, ट्युनिशियाला गेला, रोमानियातल्या एका क्लबाकडेही गेला. ज्याच्या चेहऱ्याने एका राष्ट्राची जाहिरात झाली, त्याला प्रशिक्षक म्हणून पोटासाठी देशोदेशी फिरावे लागले. कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक राष्ट्रीय संघाला पहिल्यांदा मिळाला तो २००८ साली: पीटर डी व्हिलिअर्स, तोही पार्लचाच. पदे भरताना एक देश होण्यास तेरा वर्षे लागली, असा याचा अर्थ.

शेवटी चेस्टर वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता. हे विद्यापीठ १९६० साली सुरू झाले ते कलर्ड मुलांना गोऱ्यांच्या विद्यापीठांपासून दूर ठेवण्यासाठी. ज्या भिंतीमागे त्याच्या आधीची पिढी कोंडली गेली, त्याच भिंतींच्या आत तो मुलांना चेंडू मागे कसा द्यावा हे शिकवीत होता. मृत्यूपर्यंत हेच त्याचे काम होते.

प्रशिक्षक आणि प्रेरक वक्ता यांत आम्हांस जमीन-अस्मानाचे अंतर दिसते आणि एकाच माणसाच्या आयुष्यात ते दिसते, म्हणून ते अधिक लक्षात येते. वक्ता तासाभरासाठी येतो; त्याच्यापुढे तीनशे चेहरे असतात, पण एकही मुलगा नसतो. प्रशिक्षक त्याच मुलाला आज पाहतो, उद्या पाहतो, पावसात पाहतो, हरल्यावर पाहतो. याचा गुडघा कमजोर आहे, हा उपाशी येतो, याच्याजवळ बूट नाहीत, हे त्याला कळते. ज्याच्याजवळ बूट नाहीत त्याला तो ‘इच्छाशक्ती वाढव’ असे सांगत नाही; बूट मिळवून देण्याच्या खटपटीला लागतो. वक्त्याला बुटांची अडचण कधी येत नाही, कारण तो पायांकडे पाहतच नाही.

म्हणून आमचा राग चेस्टर वक्ता झाला यावर नाही. तो मंचावर उभा राहिला तरी त्याच्या मागे २००२ चे पुस्तक होते. ऐकणाऱ्याला हवे तर त्याला पूर्ण गोष्ट मिळत होती. राग आहे तो त्याची गोष्ट उसनी घेऊन, तिच्यातून तोच माणूस गाळून, ती आपल्या मुलांना विकणाऱ्यांवर. ‘तक्रार करू नका’ हा उपदेश कुणाच्या सोयीचा असतो? ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हायची त्याच्या. पगार थकविणाऱ्या मालकाच्या, वर्गात न शिकविणाऱ्या मास्तरच्या, पाड्यावर नळ न देणाऱ्या नगरसेवकाच्या. आणि आमच्याही.

होय, आमच्याही. चेस्टरचा फलकावरचा चेहरा वाचता वाचता आम्हांस आमच्या धर्मग्रामाच्या मुखपत्राचा गेल्या वर्षीचा अंक आठवला. त्यात आमच्या फुटबॉल संघाचे छायाचित्र आहे. मध्यभागी, चषक हातात घेऊन, वारली पाड्यावरचा तोच मुलगा उभा आहे. छायाचित्रकाराला मध्यभागी त्यालाच उभे करायला आम्हीच सांगितले होते. खाली ओळ आहे, ‘आपण सर्व एक कुटुंब’. ती ओळही आमचीच. वर्षभरात तो संघाबरोबर किती घरी जेवला, त्याच्या पाड्यावरच्या किती कुटुंबांना सणाच्या दिवशी आपल्या ओटीवर नव्हे तर घरात बसायला जागा मिळाली, पाड्यातला किती जण धर्मग्राम परिषदेवर आहेत, हे त्या ओळीत नाही. परिषदेवर एकही नाही. दक्षिण आफ्रिकेवर लेख लिहिणे सोपे असते.

चेस्टर विल्यम्सचा ६ सप्टेंबर २०१९ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. वय एकोणपन्नास. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेचा संघ जपानमध्ये विश्वचषकाच्या तयारीचा सामना खेळला. दोन महिन्यांनी, २ नोव्हेंबरला, योकोहामा येथे त्या संघाने इंग्लंडला ३२–१२ असे हरविले. कर्णधार सिया कोलिसी होता, राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. १९९५ आणि २००७ चे अंतिम सामने दक्षिण आफ्रिकेने एकही ट्राय न करता जिंकले होते. योकोहामात त्या देशाचा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला पहिला ट्राय झाला आणि तो डाव्या विंगरने, अकरा क्रमांकाची जर्सी घातलेल्या माकाझोले मापिम्पीने केला. चेस्टरचा क्रमांक तोच होता. आता संघाच्या छायाचित्रात एकच कृष्णवर्णीय चेहरा शोधावा लागत नाही. ते टाळ्यांनी झाले नाही. कोर्टकज्जे झाले, निवडीची धोरणे आली, त्यांवर आरडाओरड झाली, अनेकांनी तक्रारी केल्या, आणि त्यांत एक २००२ ची होती.

त्या मुलाला आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग त्यांनी हे का नाही सांगितले, फादर?” आम्ही म्हणालो, त्यांना विचारायला हवे. तो म्हणाला, “तुम्ही विचाराल?” आम्ही वक्त्यांना पत्र लिहिले. सभ्य भाषेत, पुस्तकाचे नाव व साल देऊन. त्यांच्या कार्यालयातून पोच आली, सोबत पुढच्या वर्षाचे दरपत्रक होते.

पुढील युवादिनासाठी वक्त्यांची यादी समितीने आमच्याकडे पाठविली आहे. तीत पाच नावे आहेत, प्रत्येकापुढे मानधनाचा आकडा. आम्ही खाली आणखी एक नाव लिहून यादी परत केली. हे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत क्रीडाशिक्षक होते, निवृत्तीनंतरही पाड्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलांना घेऊन असतात. त्यांना भाषण करता येत नाही, असे समितीच्या चिटणिसांनी कळविले आहे. परिषदेवर पाड्यातला एक माणूस घ्यावा, ही आमची दुसरी सूचना होती. तिच्याविषयी चिटणिसांच्या पत्रात काही नाही.